भाव ठरल्यानंतर दिसलेल्या भेगा

जुना फ्लॅट विकत घ्यायचा ठरला की आपल्याकडचा मध्यमवर्गीय माणूस आधी वकील गाठतो. वकील तीस वर्षांचे दप्तर चाळून सर्च रिपोर्ट देतो. बिल्डरच्या मूळ करारनाम्यापासून सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटपर्यंत एकेक कागद तपासला जातो. मधल्या काळात कोणी वारस राहून गेला आहे काय, कुठल्या बँकेचा बोजा आहे काय, याची चौकशी होते. हे सगळे योग्यच आहे. पण ज्या छताखाली पुढची तीस वर्षे काढायची, त्या छताकडे कोणी मान वर करून पाहत नाही. आपण कागद तपासतो. घर मात्र नुसते 'बघतो'. चहा घेतो, खिडकीतून वारा कसा येतो ते अनुभवतो, ओटा कुठल्या दिशेला आहे ते विचारतो आणि भाव ठरवून मोकळे होतो.

मग इसार दिल्यानंतर एखादा सावध मनुष्य जाणकाराला घर दाखवतो. जाणकार छतावर हातोडी वाजवतो, कोपऱ्यात टॉर्च मारतो आणि चार गोष्टी सांगतो. खरा प्रश्न तिथून सुरू होतो. ठरलेल्या भावाविषयी आता पुन्हा बोलायचे की नाही?

मी व्यवसायाने स्थापत्य अभियंता. निवृत्तीनंतर ओळखीपाळखीतून 'जरा येऊन बघून जाता का?' अशी बोलावणी येत असतात. माझा अनुभव असा, की घरातले दोष ऐकून लोक जितके घाबरत नाहीत, तितके ते 'आता हे त्यांना सांगायचे कसे' या विचाराने घाबरतात. 'शब्द दिलाय हो', 'त्यांनी दुसऱ्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून सांगितलंय', 'पैशासाठी मागे फिरलो तर काय म्हणतील?' ही वाक्ये मी इतक्या घरांत ऐकली आहेत, की आता मला ती आधीच ऐकू येऊ लागतात. मंडईत दोन रुपयांसाठी घासाघीस करणारी आपली माणसे, आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या खरेदीत लाखा-लाखाचे नुकसान निमूटपणे गिळतात. भीड ही भिकेची बहीण, असे आपल्या पूर्वजांनी म्हणून ठेवले ते उगाच नव्हे.

माझे मत स्पष्ट आहे. तपासणीत जे निघाले ते भाव ठरवताना कोणालाच, किंवा निदान घेणाऱ्याला, ठाऊक नसेल, तर भावाविषयी पुन्हा बोलणे हा शब्द फिरवणे नव्हे. शब्द दिला होता तो एका विशिष्ट घरासाठी. ते घर न गळणारे, मजबूत स्लॅबचे, देणी नसलेले, असे दोघांच्या किंवा एकाच्या मनात होते. प्रत्यक्षात निघालेले घर वेगळे आहे. किंमत घेणाऱ्याने कमी केलेली नाही; ती गंजाने आधीच कमी केली होती. घेणारा फक्त ते मोठ्याने बोलून दाखवतो. मात्र या बोलण्यालाही एक रीत असते, आणि ती न पाळणाऱ्यांनी हा सारा प्रकार बदनाम केला आहे. त्याकडे पुढे येतोच.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. 'घेणाऱ्याने बघून घ्यावे' हे तत्त्व आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. पण स्थावर मालमत्तेच्या बाबतीत आपला कायदा तिथेच थांबत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ विक्रेत्यावर एक कर्तव्य टाकते. मालमत्तेत किंवा तिच्या हक्कात एखादा महत्त्वाचा दोष असेल, तो विक्रेत्याला ठाऊक असेल, घेणाऱ्याला ठाऊक नसेल आणि साधी काळजी घेऊनही त्याला तो सापडला नसता, तर विक्रेत्याने तो सांगितलाच पाहिजे. न सांगणे हे कपट समजले जाईल, असे हेच कलम म्हणते. करारात याविरुद्ध काही ठरले नसेल तर हा नियम लागू होतो. म्हणून 'आहे त्या स्थितीत' असे शब्द साठेखतात आले, तर सही करण्यापूर्वी त्यांच्यावर बोट ठेवून विचारावे.

यातला 'साधी काळजी' हा शब्दप्रयोग दुधारी आहे. भिंतीवरची ढळढळीत ओल, फुटलेल्या फरशा, कुजलेली चौकट हे ज्याला डोळ्यांनी दिसत होते, त्याने नंतर कायद्याकडे धाव घेऊन उपयोग नाही. कायदा झाकलेल्या दोषांविषयी बोलतो, न पाहिलेल्या दोषांविषयी नाही. गंमत अशी, की घेणाऱ्याच्या भिडेला कायद्यात कुठेही जागा नाही. 'मला विचारायला संकोच वाटला' हा बचाव जगातल्या कुठल्याच न्यायालयात चालत नसावा.

नव्या इमारतींची गोष्ट वेगळी. २०१६ च्या रेरा कायद्याने ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात दोष निघाला, तर तो विनामूल्य दुरुस्त करण्याची जबाबदारी बिल्डरवर टाकली आहे. जुना फ्लॅट एका सामान्य माणसाकडून दुसऱ्या सामान्य माणसाकडे जातो, तेव्हा असे कोणतेच छत्र नसते. आणि शहरांत अनेक कुटुंबांना परवडते ते जुनेच घर.

शिवाय या जुन्या घरांचे वय लक्षात घ्यायला हवे. पुण्या-मुंबईत आज विक्रीला येणाऱ्या कितीतरी इमारती सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या आहेत. तेव्हा सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते. परमिटसाठी खेटे घालावे लागत आणि काळ्या बाजारात दुप्पट भाव मोजावा लागे. १९८२ मध्ये ते अंशतः उठले, आणि पूर्णपणे उठायला १९८९ साल उजाडले. त्या टंचाईच्या काळात कुठल्या इमारतीत किती सिमेंट पडले, हे ती इमारतच जाणे. मुंबईकडे खाडीची खारी वाळू, इकडे घाईने केलेले काम, आणि सर्वत्र सळईवर जेमतेम बोटभरही नसलेले काँक्रीटचे आवरण.

काँक्रीटमध्ये सळई सुरक्षित राहते ती त्याच्या क्षारधर्मामुळे. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत शिरत हा गुण हळूहळू मारत नेतो. तो थर सळईपर्यंत पोहोचला आणि जोडीला ओल मिळाली, की गंज सुरू होतो. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा लागते. ती मिळवण्यासाठी तो काँक्रीट फोडतो. प्रथम केसासारखी भेग, मग फुगवटा, मग पोपडा आणि शेवटी उघडी सळई. वरून रंग दिला की पहिल्या दोन पायऱ्या झाकतात, खाली पीओपीचे छत बसवले की चारही झाकतात. पण हातोडीने वाजवले तर पोकळ आवाज लपत नाही, आणि ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फथॅलीनचा फवारा मारला, तर निरोगी भाग गुलाबी होतो व निकामी झालेला भाग तसाच राहतो. यात गूढ असे काही नाही. एका दुपारचे काम आहे.

आता एक उदाहरण सांगतो. माझ्या एका मित्राची पुतणी आणि तिचा नवरा, दोघेही नोकरी करणारे. पुण्यात १९८३ च्या एका इमारतीत वरच्या मजल्यावरचा फ्लॅट त्यांनी पसंत केला. भाव ठरला ९२ लाख. एक लाख इसार दिला. विकणारे गृहस्थ निवृत्त, मुलगा परगावी, दोघे नवरा-बायको ज्येष्ठांसाठीच्या एका वसाहतीत जाणार होते. घर नीटनेटके, माणसे सालस. दिवाणखान्यातला सागवानी झोपाळा पुतणीला फार आवडला, तेव्हा 'तो तुम्हालाच ठेवतो' असे गृहस्थ उत्स्फूर्तपणे म्हणाले होते. साठेखताच्या आधी एकदा पाहून घ्या, म्हणून मला नेले.

मी अशा वेळी प्रथम खालच्या मजल्यावर जातो. कारण आपल्या न्हाणीघराचे खरे रूप खालच्या शेजाऱ्याच्या छतावर उमटलेले असते. तिथे गेलो तर डाग होतेच. दोन ठिकाणी सळया दिसत होत्या आणि शेजारीण बाई तीन वर्षांच्या तक्रारींचा पाढा वाचायला उत्सुक होत्या. वर येऊन बोळातल्या पीओपीच्या छताचा दिवा काढून आत टॉर्च मारला. गच्चीच्या स्लॅबचे पोपडे पीओपीवर पडून राहिले होते. मग सोसायटीच्या कार्यालयात जाऊन गेल्या तीन वार्षिक सभांची इतिवृत्ते मागितली. मागच्याच सभेत स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मांडला गेला होता, आणि मोठ्या दुरुस्तीसाठी प्रत्येक फ्लॅटमागे अडीच लाख रुपये काढायचे, असा ठराव झाला होता. हजेरीपटावर आमच्या गृहस्थांची सही होती.

त्यांनी खोटे सांगितले होते काय? नाही. सोसायटीने दिलेला ना-देय दाखला अक्षरशः खरा होता, कारण अडीच लाखांची मागणी अजून निघालीच नव्हती. असा दाखला आजपर्यंतचे देणे सांगतो. उद्या काय येणार हे सांगत नाही. आणि उद्या जो सभासद असेल त्याच्याच दारात ते बिल येणार.

हे सगळे ऐकल्यावर पुतणी गप्प झाली. मग म्हणाली, "काका, निघताना त्यांच्या बायकोनं मला हळदीकुंकू लावलं हो. आता कुठल्या तोंडानं सांगू?" तिच्या सासऱ्यांचे मत तर ठाम होते : शब्द गेला तो गेला, चार-पाच लाखांसाठी घराण्याचे नाव घालवू नका. ते चार-पाच लाख सुनेच्या आणि मुलाच्या कर्जात मिळवले जाणार होते आणि वीस वर्षे व्याजासह फेडले जाणार होते, हे त्यांच्या हिशेबात नव्हते. एरवी अत्यंत व्यवहारी असलेला हा मनुष्य. पण आपल्याकडे व्यवहार आणि अब्रू यांचे दोन वेगळे कप्पे असतात, आणि घराची खरेदी नेमकी दुसऱ्या कप्प्यात पडते.

शेवटी आम्ही तिघे गेलो. मी लेखी अहवालाची एक प्रत गृहस्थांच्या हातात दिली. ते वाचत गेले तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. "चाळीस वर्षं या छताखाली झोपलो," ते म्हणाले, "एक पोपडा अंगावर पडला नाही माझ्या." तेवढ्यात आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "अहो, पडायला लागले म्हणूनच तर पीओपी करून घेतलं ना आपण?" कोणीच काही बोलले नाही. ती माउली मुद्दाम बोलली नव्हती, आणि तो गृहस्थही लबाड नव्हता. आपल्या घरातल्या दोषाशी माणूस इतकी वर्षे राहतो, की तो त्याला दोष वाटेनासा होतो. पण घर विकायला काढले, की त्या सवयीची किंमत दुसऱ्याने मोजायची असते.

मागणी अशी होती : सोसायटीच्या ठरावाचे अडीच लाख आणि न्हाणीघराच्या दुरुस्तीचे, ठेकेदाराच्या लेखी अंदाजाप्रमाणे, दोन लाख दहा हजार. गृहस्थांनी न्हाणीघराच्या आकड्याला हरकत घेतली. 'तुम्ही नव्या टाइल्स, नवे नळ बसवणार, त्याचा सुखोपभोग तुम्ही घेणार, मग पैसे मी का द्यावे?' हरकत रास्त होती. टाइल्स-नळांचे ऐंशी हजार वगळले. स्लॅबची दुरुस्ती आणि वॉटरप्रूफिंगचे एक लाख तीस हजार राहिले. एकूण तीन लाख ऐंशी हजार कमी होऊन भाव ८८ लाख २० हजारांवर आला. जुने वायरिंग, ओट्याची फुटलेली कड, खिडक्यांची गंजलेली गजे यांबद्दल आम्ही चकार शब्द काढला नाही. ते सगळे पहिल्याच दिवशी दिसले होते आणि ९२ लाखांत धरलेले होते.

व्यवहार पूर्ण झाला. ताबा घ्यायला गेले तेव्हा झोपाळा काढून नेलेला होता. छताला फक्त कड्या उरल्या होत्या. पुतणीला वाईट वाटले, पण तिने सुंदर उत्तर दिले. "जुन्या भावात झोपाळा होता, नव्या भावात नाही," ती म्हणाली. मला दोघांचेही पटले. भाव बदलला की सौजन्याचाही हिशेब बदलतो, हे ज्याला चालत नाही त्याने भाव काढू नये. पण झोपाळ्यासाठी पावणेचार लाखांवर पाणी सोडणे हेही शहाणपणाचे नाही.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. विकणाऱ्यांची तक्रार अशी असते, की तपासणी हे अनेकांच्या हातातले हत्यार झाले आहे. आधी वरचढ भाव बोलून इतर गिऱ्हाइके घालवायची, विकणारा आपल्या नव्या घराचा इसार देऊन बसला की कोणा 'इंजिनीअर'ला आणायचे, भिंतीवरची साधी केसभेग दाखवून घर पडायला आल्याचा आव आणायचा आणि दहा लाख उतरवायचे. असे प्रकार होतात, हे मी नाकारत नाही. इंग्लंडमध्ये दोन्ही पक्षांनी करारपत्रांची अदलाबदल करेपर्यंत ठरलेला भाव कोणालाच बांधत नाही. त्यामुळे तिथे विकणारा ऐनवेळी भाव चढवतो त्याला 'गॅझंपिंग' आणि घेणारा ऐनवेळी उतरवतो त्याला 'गॅझंडरिंग' असे खास शब्दच रूढ झाले आहेत. आपल्याकडे शब्द नाहीत, प्रकार आहेत. इसार घेतल्यावर इमारतीच्या पुनर्विकासाची कुजबुज सुरू झाली, की भाव चढवणारे विक्रेते आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यांना मात्र 'व्यवहारचतुर' म्हणायचे आणि गळके छत पाहून भाव उतरवायला सांगणाऱ्याला 'शब्दाचा कच्चा', हा न्याय कुठला?

म्हणून प्रामाणिक फेरबोलणी आणि अडवणूक यांतली रेषा आखून घ्यायला हवी. माझ्या मते ती अशी. जे पहिल्या भेटीत दिसत होते, त्याबद्दल बोलू नये. जे निघाले त्याचा आकडा ठेकेदाराच्या लेखी अंदाजावरून यावा, अंगठ्याच्या मापाने नव्हे. जुने जाऊन नवे येताना घेणाऱ्याचा जो फायदा होतो, तो वजा करावा. गच्चीतून, बाहेरच्या पाइपांतून येणारी गळती आणि इमारतीचा सांगाडा यांचा खर्च संस्थेचा असतो, फ्लॅटच्या आतल्या न्हाणीघराचा त्या सभासदाचा. तेव्हा साऱ्या इमारतीचे पाप एका विक्रेत्याच्या माथी मारू नये, त्याच्या वाट्याचेच मागावे. सगळे एकदाच, एकाच बैठकीत, समोरासमोर बोलावे; दर आठवड्याला नवी भेग घेऊन जाऊ नये. आणि अहवालाची प्रत विकणाऱ्याला द्यावी.

या शेवटच्या गोष्टीला मी फार महत्त्व देतो. 'आमच्याकडे दुसरे गिऱ्हाईक तयार आहे' हे उत्तर नेहमीचे. असेलही. पण अहवाल हातात पडल्यानंतर तो दोष विकणाऱ्याला ठाऊक झालेला असतो, आणि कलम ५५ प्रमाणे तो दुसऱ्या गिऱ्हाइकालाही सांगणे त्याच्यावर बंधनकारक होते. म्हणजे दोष घेणाऱ्याबरोबर निघून जात नाही. तो घराला चिकटून राहतो. प्रामाणिक विक्रेत्याला हे पटते, आणि अप्रामाणिकाच्या घरातून आपण वेळीच बाहेर पडलो, असे समजावे.

हे सारे साठेखताची नोंदणी होण्यापूर्वी झाले पाहिजे. आपल्याकडे साठेखतालाच पूर्ण मुद्रांक शुल्क भरण्याचा प्रघात आहे आणि पुण्या-मुंबईत ते किमतीच्या सहा-सात टक्क्यांच्या घरात जाते. नोंदणीनंतर भाव उतरवलात तरी भरलेले शुल्क सहजी परत येत नाही. कमी झालेला भाव करारात यावा. 'कागदावर तेवढाच राहू द्या, वरचे रोख परत देतो' या सूचनेला बळी पडू नये. त्यात बँकेला फसवणे आहे आणि परत न मिळालेल्या रोख रकमेसाठी कुठे दाद मागायची सोय नाही. आणखी एक मर्यादा लक्षात ठेवावी. भाव सरकारच्या रेडी रेकनरच्या मूल्याखाली गेला तरी मुद्रांक त्या मूल्यावरच लागतो; आणि फरक दहा टक्क्यांहून अधिक झाला, तर प्राप्तिकराच्या दृष्टीने घेणारा आणि विकणारा दोघेही अडचणीत येतात. स्लॅब गंजला आहे की नाही, हे रेडी रेकनर विचारत नाही.

मुंबईकर वाचक इथे हसतील. तिथे इमारत जितकी मोडकळीला आलेली, तितका पुनर्विकास जवळ आणि भाव वर, असा उलटा हिशेब चालतो. 'छत कशाला बघता, दोन वर्षांत नवा टॉवर उभा राहणार' असे विकणारा सांगतो आणि घेणारा मान डोलावतो. पण विकासकाशी करार होऊन त्याने जागा रिकामी करून घेईपर्यंत ती केवळ आशा असते. ती फळेपर्यंत मुलेबाळे त्याच छताखाली झोपणार असतात. महापालिकेने अतिधोकादायक ठरवून 'सी-१' वर्गात टाकलेल्या इमारतीतून तर बाहेरच पडावे लागते, भाडे स्वतःच्या खिशातून. आशेची किंमत जरूर मोजावी; पण ती आशेची म्हणून मोजावी, पक्क्या छताची म्हणून नव्हे.

मग यावर उपाय काय? दलालाकडून अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. तीन लाख इकडे-तिकडे झाल्याने त्याच्या दलालीत फरक पडतो तो दोन-चार हजारांचा, पण व्यवहार मोडला तर सगळीच दलाली जाते. बँकेचा मूल्यांकक येतो, पण तो कर्ज बुडणार नाही ना, एवढे पाहायला. घेणाऱ्याचे डोळे म्हणून तिथे कोणीच उभे नसते.

खरा उपाय, भेग भावाच्या आधी दिसावी, हा आहे. स्कॉटलंडमध्ये डिसेंबर २००८ पासून घर विक्रीला काढणाऱ्यानेच तपासणी करून घेऊन त्याचा अहवाल घेणाऱ्यांपुढे ठेवायचा, असा नियम आहे. घर चांगले की वाईट हे कळूनच तिथे लोक भाव बोलतात. आपल्याकडे असा कायदा येईल तेव्हा येवो. पण त्यासाठी लागणारे निम्मे साहित्य सोसायट्यांच्या कपाटांत पडून आहे. आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षे वयाच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवे. शेवटचे ऑडिट कधी झाले, त्यात काय निघाले, कोणते ठराव झाले, किती वर्गणी यायची आहे, गळतीच्या तक्रारी कोणत्या, हे एका पानावर लिहून ना-देय दाखल्यासोबत देण्यास सोसायटीला कोणी अडवलेले नाही. हस्तांतरणाच्या अधिमूल्यापोटी पंचवीस हजारांपर्यंत घेणाऱ्या संस्थांनी तेवढे एक पान द्यायला काय हरकत आहे?

आणि तोपर्यंत घेणाऱ्यांनी एवढे करावे. इसारपावतीतच दोन ओळी घालून घ्याव्यात, की पंधरा दिवसांत घराची तांत्रिक तपासणी केली जाईल, अमुक रकमेहून अधिक खर्चाचा झाकलेला दोष निघाल्यास भावाविषयी पुन्हा बोलणे होईल, आणि जमले नाही तर इसार पूर्ण परत. एवढ्या दोन ओळींनी भिडेचा सगळा प्रश्न मिटतो. कारण मग पुन्हा बोलणे हा शब्द मोडणे राहत नाही. दिलेल्या शब्दातच ते बसलेले असते. विकणारा त्या ओळींना तयार नसेल, तर त्याचे कारण विचारावे. ते कारण घराविषयी बरेच काही सांगून जाते.

शब्दाला जागणे हा मोठाच गुण आहे आणि तो आपल्या माणसांत अजून शिल्लक आहे, याचा मला आनंद वाटतो. पण शब्दाला जागायचे ते दोघांनी. घेणाऱ्याने भावाला जागावे, विकणाऱ्याने घराला जागावे. एकाने पैसे पुरते मोजायचे आणि दुसऱ्याने पीओपीच्या वर काय आहे ते सांगायचे नाही, याला शब्द पाळणे म्हणत नाहीत. शब्द जरूर द्यावा. फक्त तो मान वर करून, छत पाहून द्यावा.